आत किती, बाहेर किती

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

वाशीमच्या डायलिसिस सेंटरबाहेर बाकावर बसून आईच्या चपला पिशवीत घालत होतो. आतून संगीता सिस्टर आल्या. म्हणाल्या, "मुलगा ना तुम्ही? एक वही करा. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, चोवीस तासांचं रोज लिहा." समोरच्या दुकानातून ही वही आणली. दोनशे पानी.

नियम त्यांनी सांगितला तसा उतरवतो: काल जेवढी लघवी झाली, त्यात पाचशे मि.ली. मिळवायचे. आज तेवढंच प्यायला द्यायचं. चहा, ताक, पातळ वरण, गोळीबरोबरचा घोट – सगळं त्यातच धरायचं.

काय झालं तेही एकदा लिहून ठेवतो. म्हणजे कोणी विचारलं तर तारीख चुकायची नाही. ६ तारखेला सोमवारी आई सोयाबीन सोंगायला, कापणीला, गेली होती. सकाळी साडेआठच्या सुमारास पेंढीखालून परड, म्हणजे घोणस, चावली. डाव्या पायाला, घोट्याच्या वर. सापाचं इंजेक्शन वेळेवर मिळालं, जीव वाचला. पण तीन दिवस लघवीचा थेंब नाही! विषाने किडन्या बंद पाडल्या. अकोल्यात आठ दिवस ठेवलं, मानेत नळी टाकली, चार वेळा मशीन लावली. आता वाशीमला – सोमवार, बुधवार, शुक्रवार.

अकोल्याच्या डॉक्टरांचे शब्द: "किडन्या मेल्या नाहीत, झोपल्यात. बहुतेकांच्या महिना-दीड महिन्यात उठतात. काहींच्या उठत नाहीत." नाही उठल्या तर काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. मग मशीन जन्मभर.

मशीनआधी वजन ४९.२. नंतर, दुपारी, ४६.९.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मेडिकलमधून मापाचा मग आणला. एक लिटरचा, दहा-दहाच्या रेघा आहेत. न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला. आईला सांगितलं, दिवसभरातलं सगळं यात. संडास अंगणाच्या पार टोकाला, गल्लीला लागून आहे. तिथे मी नेऊन ओतीन.

आईने मग हातात घेऊन पाहिला, परत ठेवला. मग म्हणाली, "स्नेहा असती तं…"

स्नेहा माझी बहीण. मंगरुळपीरला दिली आहे. बाळंत होऊन बाराच दिवस झालेत. ती कशी येणार? घरात आम्ही दोघंच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

बाहेर – ४० मि.ली. रंग गडद चहासारखा.
उद्या प्यायला – ५४०.

सोमवार, २० ऑक्टोबर

मशीन कशी चालते ते आज नीट पाहिलं. टेक्निशियन हरीओम भाऊ सांगतात. विचारलेलं त्यांना आवडतं.

मानेतल्या नळीला दोन तोंडं. एकातून रक्त बाहेर येतं, दुसऱ्यातून परत जातं. मधे हातभर लांबीचं काचेसारखं नळकांडं. त्यात केसाएवढ्या बारीक हजारो नळ्या. रक्त या नळ्यांच्या आतून जातं, औषधी पाणी बाहेरून, उलट्या दिशेने. नळ्यांना दिसणार नाहीत अशी छिद्रं असतात. घाण आणि जास्तीचं पाणी पलीकडे जातं, रक्ताचा लाल भाग आतच राहतो. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन. चार तासांत सगळं रक्त पुन्हापुन्हा फिरून येतं.

शेजारच्या पलंगावर बबनराव असतात. मानोऱ्याकडचे शेतकरी, चार वर्षांपासून मशीनवर आहेत. ते म्हणाले, "येवढं कायले आयकतं? सोयाबीनचा चायना पाह्यला ना? तसंच हे. माती खाली, दाना वर. फक्त दाना आपन हावो." चायना म्हणजे धान्य चाळायचा चाळणा.

आणखी एक शब्द लिहून घेतला – कोरडं वजन. म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं खरं वजन. आईचं ४६ धरलं आहे. त्याच्या वर जेवढं भरेल तेवढं मशीन काढते. हे मला एका वेळी समजलं. रिसोडच्या मार्केटात अडत्याकडे मी काट्यावर पावत्या लिहितो. ओलाव्याची कपात रोजचीच आहे.

आत ५४०. बाहेर ३५.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

येणारे-जाणारे थांबत नाहीत, आणि कोणी रिकाम्या हाताने येत नाही. गोजराबाई – आमच्या भिंतीला भिंत – दोन शहाळी आणि डझनभर केळी घेऊन आल्या. मी हात जोडले. म्हटलं, मावशी, यात पोटॅशियम असतं, ते मशीनशिवाय निघत नाही, वाढलं तर काळीज बंद पडतं.

"बाप्पा! दुखन्यातल्या मान्साले केळं नाई द्याव तं काय बिडी द्याव?"

आई हसली. सापानंतर पहिल्यांदा.

केळी मी आणि गोजराबाईंच्या नातवाने संपवली. शहाळी परत दिली. भाजी दोनदा उकळून पाणी फेकतो. चव राहत नाही. आई तरी खाते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बाहेर ५५! वीसने वाढली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

बाहेर ६०. मार्केटला आवक फार आहे. मी आठवड्यातले तीन दिवस नसतो. मालक अजून काही बोलले नाहीत.

सकाळी आईसाठी चार पेले मोजून झाकून जातो. प्रत्येकावर वेळ लिहिलेली चिठ्ठी. संध्याकाळी आल्यावर पहिल्यांदा पेले पाहतो, मग मग पाहतो, मग आईला पाहतो.

"माह्यापेक्षा त्या मगावर जीव हाय तुहा," आई म्हणाली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमा. आईला विहारात जायचं होतं. मशीनचा दिवस. येताना एसटीतून लांबूनच वंदन केलं.

बाहेर ७०.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सहा दिवसांचे आकडे: ७०, ७०, ७५, ७०, ७०, ७०. वाढत नाही, पण कमीही होत नाही. स्थिर आहे. थोडा धीर येतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हिशेब जुळत नाही!

सोमवारी मशीननंतर आई ४६.० होती. दोन दिवसांत पिणं ११४०, जेवणातलं आठ-नऊशे वेगळं. बाहेर १४०. घाम-श्वासाचे रोजचे चार-पाचशे वजा केले तरी वजन ४६.८ च्या पुढे यायला हवं. काट्यावर भरलं ४६.१.

दोनदा बेरीज केली. मग काट्यावर संशय आला. मी स्वतः चढलो – ५२.३. मार्केटच्या काट्यावर काल ५२.४ होतो. काटा बरोबर आहे.

मग पाणी गेलं कुठं?

हरीओम भाऊ म्हणाले, "आजारात अंग उतरतेच. मांस गेलं का वजन गेलं. कोरडं वजन एका किलोनं खाली घेऊ, डॉक्टरले सांगतो." आईचे दंड पाहिले. खरंच उतरलेत. ४५ केलं.

बबनराव पडल्या पडल्या म्हणाले, "मायचं वजन करून राह्यला का क्विंटलचा भाव काढून राह्यला, पोट्ट्या?"

सोमवार, १७ नोव्हेंबर

वाईट दिवस.

तिसरा तास सुरू असताना आईच्या पोटऱ्यांत गोळे आले. ओरडली. मी कधी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. साप चावला तेव्हाही नाही. बीपी ८० वर आलं. डोळे फिरले. संगीता सिस्टरांनी पाय वर केले, सलाइन सोडलं, मशीनने पाणी ओढणं बंद केलं. मी पाय चोळत होतो. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "संघ्या, पानी."

सिस्टरांनी दोन घोट दिले. मी ते ५० धरले.

आता मोजायला बसलो तर वाटतं, कसले ५० धरतो मी! पण धरले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बाहेर ७०. जीभ पांढरी दिसते, ओठ फाटलेत. वेलची चघळायला दिली. सेंटरमधल्या फळ्यावर लिहिलं आहे, तहान मारायला चालते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

किडनीचे डॉक्टर दर सोमवारी अकोल्याहून येतात. आज वही मागितली. मी दिली. त्यांनी शेवटची दोन-तीन पानं पाहिली. म्हणाले, "छान लिहिता." मला बरं वाटलं. मग म्हणाले, "सात आठवडे झाले. अजून सत्तरवरच. मानेची नळी फार दिवस ठेवता येत नाही, जंतू शिरतात. हातात कायमचा रस्ता करून घेऊ."

म्हणजे मनगटाजवळ ऑपरेशन. धमनी आणि शीर एकमेकींना जोडायच्या. शीर फुगते, जाड होते, मग दर वेळी तिच्यात दोन सुया. अकोल्याला, ४ डिसेंबर, गुरुवार.

म्हणजे त्यांनी आशा सोडली का? विचारायचं होतं. विचारलं नाही.

बबनरावांनी आपला हात पुढे केला. "हात लावून पाह्य. भेऊ नोको." लावला. कातडीखाली मांजर घुरघुरावं तसं लागत होतं. "चार वर्स झाले, घुरघुर चालूच हाय. ते बंद झालं का समजायचं, बबन्या गेला. तवरोक शेती बी होते अन् भांडनं बी होते. मायले सांग."

आईला सांगितलं. तिने विचारलं, "उजव्या हाताले करतीन का डाव्या?" डाव्या. "मंग सोंगता येईन," ती म्हणाली. आणि खिडकीकडे तोंड केलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

कोरडं वजन आता ४४ धरलं आहे. मशीननंतर ४४.२. बाहेर ७०.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मशीन चुकली.

वाशीमच्या रस्त्यावर कापसाचा ट्रक आडवा झाला. दोन्हीकडून गाड्या अडकल्या. आमची एसटी सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत तिथेच. मी दोनदा पुढे चालत जाऊन पाहून आलो. काय पाहणार? सगळीकडे कापूस. पोचलो तेव्हा आईच्या जागी दुसरे पेशंट लागले होते. त्यांना कसं उठवणार? उद्या-परवाही जागा नाही. सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी पहिला नंबर तुमचा. दम लागला, पाय सुजले, छातीत धडधडलं तर थांबू नका, रात्र असो का दिवस, थेट दवाखाना."

बुधवार ते सोमवार. पाच दिवस!

माझ्याच मनाने ठरवलं आहे. सोमवारपर्यंत पिणं ३५० वर आणायचं. जे मशीनने काढायचं राहिलं ते आत जाऊच द्यायचं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज मार्केटला गेलो नाही. सकाळपासून पाचदा घोटे दाबून पाहिले. सूज नाही. श्वास मोजला – १८. ठीक.

दुपारी एकच्या सुमारास आईने पाणी मागितलं. म्हटलं, तीन वाजता. तिने पुन्हा मागितलं. म्हटलं, आई, मशीन चुकली आहे, पाणी फुप्फुसात जाईल.

ती उठून माठाकडे जाऊ लागली. भिंतीला धरून. मी माठासमोर उभा राहिलो.

"सरक."

मी सरकलो नाही.

"मले उभं राह्यलं का चक्कर येऊन राह्यली. घसा कोरडा पडला. माह्याच पोटचा तू, अन् मले पान्याले नाई म्हन्तं? मोठ्या लोकाईच्या विहिरीवर अशे उभे राहत लोकं, माही आजी सांगे. तू त्याईच्यातला कदीपासून झाला रे?"

  गोजराबाई दारात येऊन उभ्या होत्या. 

आई परत जाऊन पडली. तोंड भिंतीकडे. तीन वाजता ९० मि.ली. घेऊन गेलो. एका घोटात संपवलं आणि पेला उलटा करून हातावर झटकला. एक थेंब पडला, तो चाटला.

हे मी लिहायला नको होतं. पण सगळं लिहायचं ठरवलं आहे.

बाहेर ७०.

रविवार, ३० नोव्हेंबर

सूज नाही. दम नाही. मला समजत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

पहाटेच्या जीपने निघालो. सातला सेंटरवर. पहिला नंबर.

वजन ४३.४.

पाच दिवस मशीन नाही, आणि वजन मशीननंतरच्यापेक्षाही आठशे ग्रॅम कमी! हरीओम भाऊंनी आईला खाली उतरवलं, काटा शून्यावर घेतला, पुन्हा चढवलं. ४३.४. बीपी ९० वर. ते म्हणाले, "थांबा. लावत नाई मी. डॉक्टर येऊ द्या." आधी रक्त घेतलं.

रिपोर्ट साडेअकराला आला. क्रिएटिनिन २.६. पंधरा दिवसांपूर्वी मशीनआधी ६.१ होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग मला म्हणाले, "पाच दिवस मशीन नाही. हे वाढायला पाहिजे. निम्म्याहून कमी झालंय. लघवी किती?"

"सत्तर, सर."

"वही."

या वेळी त्यांनी मागची सगळी पानं उलटली. बोट खाली-खाली फिरवत. "सत्तर, सत्तर, पंचाहत्तर, सत्तर… साडेतीन आठवडे? माणसाचं शरीर असं मोजून देत नाही हो." मग मला विचारलं, "मगात आलेलं तुम्ही मोजता. मगात येतं ते तुम्ही पाहिलंय का?"

माझे कान तापले. "ती माझी आई आहे, सर."

ते संगीता सिस्टरांकडे वळले. हळू काहीतरी बोलले. सिस्टरांनी आईचा हात धरला, ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं. मी मागे गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा, दादा."

मी बाहेर थांबलो आहे. बारा वाजून दहा मिनिटे झाली.

मंगळवार, २ डिसेंबर

आईने सिस्टरांना खरं सांगितलं; वहीतले आकडे कालपासून मागे पौर्णिमेपर्यंत सगळे चुकीचे. तेव्हापासून आईला लघवी सुटली होती. आधी थोडी, मग चांगली. किडन्या उठल्या होत्या.

घरी आल्यावर तिने मला सांगितलं, माझ्याकडे न पाहता: "उलीसं होतं तं ठीक होतं. मंग मग भरू लागला. भरला मग घेऊन माहा जवान पोरगा आंगनातून जाईन, गल्ली पाह्यीन – मले जीव द्यावासा वाटे. म्हनून सकायचं उलीसं ठेवत होती, बाकी तू गेल्यावर, नाई तं तू झोपल्यावर संडासात. तेवढंच मागतं तू, तेवढं देल्लं. मले काय मालूम त्याच्यावर पानी भेटते? मशीन काढते सारं, असंच वाटलं. तू कदी सांगतलं मले?"

नाही सांगितलं. वहीत लिहिलं होतं.

गुरुवारचं ऑपरेशन रद्द. मशीन बंद, शुक्रवारी फक्त रक्त तपासायचं. ते चांगलं आलं की मानेची नळी काढतील. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर अशी कोरडी ठेवली असती, तर उठलेल्या किडन्या परत बसल्या असत्या.

माप आता आई स्वतः घेते. आत कडी लावून. मला बाहेरून आकडा सांगते.

काल दुपारी १२ ते आज दुपारी १२, बाहेर – १४५० मि.ली.

देणं: ५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, दिवस २७. रोजचे कमीत कमी ४०० धरले तरी १० लिटर ८०० मि.ली. पाणी. एवढं आईचं माझ्याकडे निघतं.